उतरंडीतला शेवटचा फोन

२ सप्टेंबर

ही डायरी २०१९ ची आहे. बाबांच्या ऑफिसातली, लाल कव्हरची, पुढे सुट्ट्यांची यादी, मागे देशातल्या धरणांची. दर जानेवारीत ते दोन आणायचे, एक स्वतःला, एक मला. मी कधीच लिहिलं नाही. आज चार्जर शोधताना बॅगेच्या तळाशी सापडली. छापलेले वार यंदा जुळत नाहीत, ते खोडायचे. तारीख खरी, वार खोटा.

पहिल्या पानावर माहिती भरायची जागा आहे म्हणून भरली. नाव: संघपाल रावसाहेब ढोके. पत्ता: पहाडगंज, एका हॉटेलाच्या वरची खोली. रक्तगट: माहीत नाही. पदनाम: पिकअप.

पदनामाबद्दल. लोक ऑनलाइन नवा फोन मागवतात आणि जुना देऊन सूट घेतात. तो जुना घ्यायला घरी येणारा माणूस मी. काच बघायची, कॅमेरा बघायचा, त्यांच्यासमोर सगळं पुसायचं, पाकिटात टाकायचा, निघायचं. नोएडा, गुडगाव, गाझियाबाद, सांगतील तिथे. द्वारका सोडून. द्वारका जयेश करतो आणि त्या बदल्यात मी त्याचं फरीदाबाद करतो, जे कुणालाच नको असतं.

द्वारकेत माझं घर आहे.

५ सप्टेंबर

पुढच्या आठवड्यात नवं मॉडेल जाहीर होणार. हबवर, म्हणजे गोळा केलेले फोन जमा करायचे तिथे, सगळी पोरं तेच बोलतायत.

आज गुडगावला एकाने जो फोन दिला त्याच्या मागची फिल्म अजून निघालेली नव्हती. वर्षसुद्धा झालं नव्हतं. मी विचारलं, "सर, इसमें दिक्कत क्या है?" म्हणाला, "कुछ नहीं यार, नया आ रहा है." म्हटलं, नव्यात काय आहे? त्याने खरोखर विचार केला. तोंड वर करून पंख्याकडे बघत विचार केला. मग म्हणाला, "ऑरेंज कलर है."

मेट्रोत तेच डोक्यात. दोन वर्षांपूर्वी मी पण पंख्याकडे बघून काहीतरी बोललो असतो. तेव्हा तर मी जाहीर व्हायचा कार्यक्रम सुरुवातीपासून बघायचो आणि नवं काय ते घरात सांगत फिरायचो. आई म्हणायची, "हो का? बरं. मटार सोल."

राजीव चौकला उतरून गाडी बदलायची होती, ती सोडून बाहेर आलो आणि कनॉट प्लेसच्या आतल्या बागेत बसलो. एक माणूस पतंग विकत होता, सप्टेंबरात. कोण घेतं? बराच वेळ बघितलं, कुणी घेतला नाही. हबवर उशिरा पोचलो, बोलणी खाल्ली.

८ सप्टेंबर

आमच्याकडे फोनांची उतरंड होती. जयेशला हा शब्द सांगितला तर त्याला कळला नाही. पोरगा इथल्या मराठी शाळेत शिकलाय, पण दिल्लीत वाढलेला. म्हणाला, "उतरंड क्या होता है? उतारा का?" मी हाताने एकावर एक मडकी करून दाखवली. "अच्छा, लाइन लागते तशी!" बिल्कुल. लाइनच.

नवा फोन आला की तो माझ्याकडे, कारण मला कळतं. माझा रोशनीकडे, म्हणजे धाकट्या बहिणीकडे. रोशनीचा आईकडे. आईचा बाबांकडे. बाबांचा ड्रॉवरमध्ये. एका दिवसात सगळ्यांचे बदलायचे. लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये जमिनीवर चादर टाकायची, मध्ये सगळे फोन, सिम काढायची ती पिन एकच, ती हरवायची, मग सगळे गुडघ्यांवर. नव्याची फिल्म आई काढायची, हळूहळू, भाजलेल्या वांग्याचं साल काढावं तशी. बाबा खोक्यातला कागद वाचायचे, वॉरंटी, बॅटरी आगीत टाकू नये, सगळं, मोठ्याने. आम्ही हसायचो. "हसा," म्हणायचे, "उद्या बॅटरी आगीत पडली की माझ्याकडेच याल."

प्रत्येक फोन आधी माझा असल्यामुळे सगळ्यांत अकाउंट माझंच. वेगळं कुणी काढलं नाही. पासवर्ड कोण लक्षात ठेवणार.

शेवटच्या उतरंडीत बाबांकडे काळा आला. माझ्याकडे असताना राजीव चौकच्या पायऱ्यांवर पडलेला, कॅमेऱ्याच्या काचेवर चरा गेलेला. मी म्हटलं, काच बदलून देतो. बाबा म्हणाले, "राहू दे. मला कुठे फोटो काढायचेत."

पुढच्या वर्षी रोशनीला पुण्यात नोकरी लागली आणि तिने स्वतःचा घेतला. बाबा रिटायर झाले, क्वार्टर सोडून द्वारकेच्या फ्लॅटमध्ये गेले. मी नवा आणला त्या दिवशी चादर टाकलीच नाही. बाबा जेवता जेवता म्हणाले, "फोन दरवर्षी पुढच्या इयत्तेत जातो. तू आपला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षात."

मी हात धुतले आणि बॅग भरली. दोन दिवसांसाठी. ते दोन दिवस अजून चाललेत.

११ सप्टेंबर

एक गोष्ट कुणाला सांगितलेली नाही.

माझ्या फोनमध्ये आईचे फोटो येतात. हिवाळ्यात पहिल्यांदा दिसला. मी न खाल्लेल्या झुणक्याची कढई माझ्या फोनमध्ये. आधी वाटलं वेड लागलं. मग कळलं, अकाउंट. आईच्या फोनमध्ये अजून माझंच आहे, तिने काही काढलं की इकडे येतं.

तिला माहीत नाही अर्थातच. चुकून दाबत असणार. नाहीतर असले फोटो कोण काढतं? चपलांचं कपाट, त्यात खाली माझे जुने बूट. कुंडीतला कढीपत्ता. सोसायटीची नोटीस, लिफ्ट बंद राहील. सांबारवडीचं ताट (इथे सांबार म्हटलं की लोकांना डोसा आठवतो, आमच्याकडे ती कोथिंबीर). आणि आकाश. रिकामं आकाश, नीट बघितलं तर कोपऱ्यात विमानाचा ठिपका. आईला विमानांचं काय?

प्रत्येक फोटोत डावीकडे धुरकट पट्टा असतो. पिठाचे हात लावते, दुसरं काय.

मी बघतो आणि काही करत नाही. जेवताना समोर ठेवतो. आज राजमा चावल खाल्ले आणि समोर पाटोडीचा रस्सा ठेवला.

१४ सप्टेंबर

रविवार, आईचा फोन.

"जेवलास?"

"हो."

"काय?"

"राजमा."

"तुला राजमा कुठे आवडतो?"

"आता आवडतो."

मागे टीव्ही चालू होता, तो कुणीतरी बंद केला. आई म्हणाली, "बाबा बाल्कनीत आहेत. आजकाल तिथेच असतात. विमान आलं की उठून उभे."

लहान असताना ते मला सायकलवर पुढे बसवून सफदरजंग विमानतळाच्या भिंतीपाशी न्यायचे, हेलिकॉप्टर बघायला. कुठल्या मंत्र्याचं ते मीच ठरवायचो आणि बाबा मान हलवायचे. हे आता कुठून आठवलं.

"तुझा तो नवीन फोन येतोय ना रे?"

"तुला कसं कळलं?"

"घरात चर्चा होती."

घरात दोनच माणसं आहेत. चर्चा काय, कामवाल्या बाईशी झाली असेल, तिचा मुलगा फोनच्या दुकानात आहे.

"घेणार आहेस?"

"बघू."

"घे," म्हणाली. मग उगाच, "जुना कुणाला देशील?" आणि लगेच, "बरं ठेवते, दूध वर आलं."

१९ सप्टेंबर

साकेतच्या मॉलबाहेर रांग बघायला गेलो. पिकअप मालवीय नगरला होता, म्हणजे वाटेवरच, जवळपास. पोरं पहाटेपासून उभी. एक टीव्हीवाला प्रत्येकाला विचारत होता, कैसा लग रहा है. एक मुलगा आतून खोकं घेऊन आला, दुकानातल्यांनी टाळ्या वाजवल्या, त्याने खोकं वर धरलं, फोटो झाले. मग सगळे पुढच्याकडे वळले. तो खोकं धरून तसाच उभा, इकडेतिकडे बघत. मग रिक्षात बसून गेला.

मला सूट मिळते ती वापरून मी पण घेतला. नारिंगी नाही, निळा. स्वस्तातला, पण यंदाचाच.

खोलीत आलो. पलंगावर खोकं ठेवलं. फिल्म काढली. एका झटक्यात निघाली, काही झालं नाही. आतला कागद उलगडलासुद्धा नाही, खोक्यातच राहिला. जुन्यासारखाच आहे फोन. खरंच. शेजारी ठेवले तर कुठला कुठला ते मलाच दोनदा बघावं लागलं, आणि माझं हे काम आहे.

जयेशला मेसेज केला, नया लिया. त्याने अंगठा पाठवला.

२३ सप्टेंबर

आज डोकं फिरलं.

नव्या फोनमध्ये जुन्यातलं येईना. जयेशने हबवर बघितलं. "स्टोरेज फुल आहे तुझी. हे बघ, किती डिव्हाइस लटकलेत तुझ्या नावावर. कोणाकोणाचे आहेत हे?"

"घरचे."

"घरचे हटव ना यार. ते भरतायत."

म्हटलं, बघतो. तेवढ्यात फोटो आला. आईच्या फोनमधून. पेपर पसरलेला, दोन पानं. डावीकडे कसलीतरी पानभर जाहिरात, निम्मी त्या धुरकट पट्ट्याखाली. आणि उजवीकडे, अगदी मधोमध, सरकारी भरती. पदवीधर उमेदवारांकडून अर्ज मागवण्यात येत आहेत.

म्हणजे आता आईलाही कामाला लावलं. एक वर्ष स्वतः बोलायचं नाही, आणि पेपर आईच्या हातात द्यायचा, काढ फोटो, दाखव त्याला. म्हणजे त्यांना माहीत आहे की मी बघतो? मग ते बाकीचे? मी पुढे विचारच केला नाही. जयेशच्या हातून फोन घेतला आणि यादीतला एकेक काढून टाकला. साइन आउट. साइन आउट. साइन आउट.

"शाबाश," जयेश म्हणाला. "आता बघ कसा पळतो."

पळतोय.

२६ सप्टेंबर

फोटो नाही. येणार कसा.

१ ऑक्टोबर

इथून परत जोडता येत नाही, बघितलं. तो फोन हातात हवा, मग पासवर्ड टाकायचा. फोन त्यांच्याकडे, पासवर्ड माझ्याकडे. मध्ये मेट्रोची अख्खी ब्लू लाइन.

आलेले सगळे साठवून ठेवले होते, तेच बघतो. पण ते पाठ झालेत. कढीपत्त्याला नवीन पालवी आली का, लिफ्ट सुरू झाली का, काही कळायला मार्ग नाही. लिफ्टचं मला काय पडलंय? पडलंय. आईचा गुडघा.

खाली हॉटेलात परदेशी लोक येतात, पाठीवर बॅगा घेऊन, कुठून कुठून, आणि पहिली गोष्ट वायफाय विचारतात. जागा मिळाल्या मिळाल्या जिन्यात बसून घरी बोलतात. कुठली भाषा ते कळत नाही, पण "जेवलो" म्हणतायत ते कळतं.

५ ऑक्टोबर

रविवार. आईला म्हटलं, "तुझ्या फोनमध्ये काही प्रॉब्लेम तर नाही ना?"

"माझ्या? नाही रे. वाजतो की."

"कॅमेरा वगैरे?"

"कॅमेरा मी कधी वापरला? मला तो उघडतासुद्धा येत नाही. का रे?"

"असंच."

म्हणजे तिच्या खरंच लक्षात आलं नाही की चुकून दाबलं जातं. पण एवढ्या वेळा चुकून?

नंतर मेट्रोत बसलो आणि द्वारका मोडपर्यंत गेलो. उतरलो. छोले कुलचे खाल्ले. कुलचेवाल्याने कांदा जास्त टाकला, त्याच्याशी कांद्याच्या भावावर बोललो, त्याचं गाव एटा आहे. मग पलीकडच्या फलाटावर जाऊन परत आलो.

९ ऑक्टोबर

गाझियाबादजवळ वैशालीत एक पिकअप. बाई म्हणाली, थांबा, यातले फोटो एकदा बघून घेते, मग पुसा. सोफ्यावर बसून बघत राहिली. मी उभा. पुढचा पिकअप गेला.

१४ ऑक्टोबर

आज धम्मचक्र प्रवर्तन दिन. बाबा दरवर्षी न चुकता आंबेडकर भवनात येतात, पांढरा शर्ट, इस्त्री कडक. भवन इथून चालत जाण्यासारखं. मी सुट्टी घेतली, पांढरा शर्ट घातला आणि खोलीत बसून राहिलो. निघायचं, नाही निघायचं. मोजे काढले, परत घातले.

फोन वाजला. नव्या फोनच्या पडद्यावर "बाबा". या फोनवर हे नाव पहिल्यांदाच आलं.

"खाली ये."

एवढंच. मी चप्पल घालून धावलो, मोज्यांवरच.

गल्लीत, गाईड आणि रिक्षावाल्यांच्या मध्ये, ते उभे होते. हातात पिशवी. बारीक झालेत. की शर्ट मोठा आहे.

"जय भीम," म्हणालो.

"जय भीम. आई भवनातच आहे, बायकांत बसली आहे. म्हटलं जवळच आहे." वर बघितलं. "इथे राहतोस?"

"हो."

"जिना अंधारा आहे."

वर आले. पलंगावर बसले, कारण दुसरं काही नाही. पिशवीतून डबा काढून ठेवला. मग खिशातून फोन काढला. काळा.

"माझ्या फोनमध्ये बिघाड आहे."

"काय होतंय?"

"यातून फोटो जात नाहीत."

मी फोन हातात घेतला. काचेवर चरा, डावीकडे.

"कुठे जात नाहीत?" मी विचारलं.

बाबा खिडकीबाहेर बघत होते. "रोशनी मागे आली होती तेव्हा म्हणाली, बाबा, यातलं सगळं दादाकडे जातं, बंद करू का? मी म्हटलं, कशाला बंद करायचं." "नीट जायचे. मग त्या दिवशी पेपरात तुझा नवा फोन आला होता, पानभर. तो काढला. त्यानंतर बंद. आई म्हणाली, फोन जुना झाला. मी म्हटलं, जुना असला म्हणून काय झालं."

त्या पानाची उजवी बाजू मी त्यांना सांगितली नाही. त्यांना ती दिसलीच नसावी.

पासवर्ड टाकला. दोनदा चुकला.

ते चालू होत होतं तोवर त्यांनी निळा उचलला, उलटा केला, परत ठेवला. "हा का तो?"

"हो."

"यात नवीन काय आहे?"

"खास काही नाही."

"मग दरवर्षी कशाला घेतोस?"

"सवय," म्हणालो. ते खरं नाही, पण तेवढ्यावर भागलं. ते मान हलवत राहिले, हेलिकॉप्टरच्या वेळी हलवायचे तशी. मग म्हणाले, "खोक्यातला कागद कुठाय?" आणि चष्मा लावला. वाचायला लागले. मोठ्याने.

म्हटलं, "बाबा, माझा गेल्या वर्षीचा तुम्ही घ्या. कॅमेरा चांगला आहे."

"तो आईला दे," कागदावरून वर न बघता म्हणाले. "आईचा मला." मग थांबले. "नाही. मला काळाच राहू दे."

तेवढ्यात येऊ लागले. तीन आठवड्यांचे अडकलेले. काळ्यातून सुटायचे आणि पलंगावर पडलेल्या निळ्यात उतरायचे, एकेक, वरच्या मजल्यावरून कुणी सामान खाली देत असल्यासारखे. कढीपत्ता. विमान. विमान. लिफ्ट सुरू झाल्याची नोटीस. पुरणाचं ताट. माझे बूट, पॉलिश केलेले. विमान. जात नाहीत हे माहीत असून ते काढतच होते.

बाबा बॅटरीपर्यंत पोचले होते. "आगीत टाकू नये," त्यांनी वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. मी हसलो.

शेवटचा आजचा होता. खाली उभं राहून काढलेला, हॉटेलाच्या पाटीच्या वरची माझी खिडकी, अर्धी धुरकट पट्ट्यात. खिडकीत कुणी नाही. मी तेव्हा जिन्यात होतो.